आबांचं ताट आणि कोबाल्ट-६०

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे संपादक मंडळातली मैत्रीण मराठी विभागासाठी लेख मागायला रूमवर आली तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिने दुरुस्त केल्या आहेत. उरलेल्या माझ्या. विषय मात्र मीच निवडला. किरणोत्सर्ग, म्हणजे आपण ज्याला रेडिएशन म्हणतो ते, आणि त्याचा अभ्यास. टी.ई. मेकॅनिकलच्या मुलीला हे कुठून सुचलं, असं विचारणाऱ्यांसाठी आधी घरची गोष्ट सांगते.

माझं आजोळ दौलताबादचं. हॉस्टेलच्या गच्चीवरून किल्ला दिसतो ना, त्याच्या अलीकडे आबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, पेरू-सीताफळाची बाग आहे. गेल्या वर्षी आबांना घशाचा कॅन्सर निघाला. तंबाखू चाळीस वर्षांची जुनी. डॉक्टरांनी पस्तीस वेळा शेक सांगितला. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे सात आठवडे. आपल्याकडे रेडिओथेरपीला 'शेक' म्हणतात, कुणी 'लाईट देणं' म्हणतात. मामा त्यांना रोज मोटरसायकलवरून शहरात न्यायचा आणि परत आणायचा.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी मी घरी गेले (रविवारी रात्री मेस बंद, हे कारण सुज्ञांना सांगायला नको), तर आबांचं ताट वेगळं. एक जुनं स्टीलचं ताट, वाटी आणि तांब्या, सगळं ओट्याखाली एका कोपऱ्यात. मामाचा चार वर्षांचा मुलगा आबांच्या मांडीकडे धावला की मामी त्याला दंडाला धरून मागे ओढायची. मामी वाईट नाही. आबांचं पथ्यपाणी, मऊ भात, दूध, सगळं तीच बघत होती. पण तिने दवाखान्यात त्या खोलीच्या दारावरची पिवळी पाटी आणि त्यावरचं तीन पाकळ्यांचं काळं चिन्ह पाहिलं होतं. आबांना टेबलावर झोपवलं की सगळे कर्मचारी झटकन बाहेर येतात आणि दार लागतं, हेही पाहिलं होतं. ती म्हणाली, "ते शिकलेले लोक पळतात, मग आपणच का थांबायचं?"

प्रश्न चोख होता. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंजिनीअरिंगला आहे ना ही!

मी म्हटलं, "तसं काही होत नसावं बहुतेक."

'नसावं' आणि 'बहुतेक'! फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये मला बरे मार्क होते. अल्फा, बीटा, गॅमा, अर्धायुष्याचं सूत्र, सगळं पाठ होतं. पण आबांच्या अंगात ते किरण राहतात की नाही, एवढ्या एका प्रश्नाला माझ्याकडे 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर नव्हतं. आबा काही बोलले नाहीत. ताट उचलून ओसरीवर जाऊन बसले. त्या 'बहुतेक'ची मला जी लाज वाटली, त्यातून हा सगळा अभ्यास सुरू झाला.

दिवा आणि राख

आबांना शेक देणारं मशीन कोबाल्टचं होतं. निसर्गात सापडणारा कोबाल्ट म्हणजे कोबाल्ट-५९, अगदी निरुपद्रवी धातू. तो अणुभट्टीत ठेवला की त्याच्या अणुगर्भात एक न्यूट्रॉन शिरतो आणि कोबाल्ट-६० तयार होतो. आपल्या देशात हे काम राजस्थानात रावतभाट्याच्या अणुवीज केंद्रातल्या भट्ट्यांत करतात, आणि पुढे 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाची संस्था ते स्रोत दवाखान्यांना आणि कारखान्यांना पुरवते. हा कोबाल्ट-६० अस्वस्थ असतो. त्यातून एक बीटा कण निघतो, निकेल-६० बनतं आणि लगोलग दोन गॅमा किरण बाहेर पडतात, एक १.१७ आणि दुसरा १.३३ एमईव्हीचा. बीटा कण स्टीलच्या कुपीतच अडतो. बाहेर येतात ते फक्त गॅमा.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि सगळी भीती त्या गल्लतीतून येते. एक म्हणजे किरण अंगावर पडणं. दुसरी म्हणजे किरण देणारा पदार्थ अंगाला लागणं किंवा पोटात जाणं. दिव्याच्या उजेडात बसलं म्हणजे माणूस चमकायला लागत नाही. दिवा मालवला की खोलीत अंधार. पण चुलीतली गरम राख अंगावर सांडली, तर चुलीपासून लांब गेलात तरी ती राख तुमच्याबरोबर येते आणि भाजत राहते. आबांचा शेक म्हणजे दिवा. कोबाल्ट कुपीत, कुपी मशीनच्या जाड शिशाच्या डोक्यात, आणि आबांच्या गळ्यावर पडतात ते फक्त किरण. वेळ संपली की कुपी आपल्या जागी परत जाते. आबांमध्ये काही उरत नाही.

"पण त्या किरणांनी गळ्यातले अणूच किरणोत्सारी झाले तर?" हा प्रश्न मला पडला, तुम्हालाही पडायला हवा. त्यासाठी गॅमा किरणाला अणुगर्भातून न्यूट्रॉन उपटून काढावा लागेल. शरीरातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या बाबतीत त्याला १० एमईव्हीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. आपल्याकडे आहेत १.१७ आणि १.३३. म्हणजे दोन मजली इमारतीला लावायची शिडी आणि चढायचंय चांदमिनारावर!

दवाखान्यातल्या मेडिकल फिजिसिस्ट मॅडमना मी हे सगळं विचारलं तेव्हा त्यांनी लगेच एक अपवाद सांगितला, तोही लिहायलाच हवा. थायरॉइडच्या काही आजारांत पेशंटला आयोडीन-१३१ प्यायला किंवा गोळीतून देतात. तिथे राख खरोखरच पोटात जाते. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवसांचं, आणि ते थुंकीतून, लघवीतून बाहेर पडतं. अशा पेशंटने काही दिवस लहान मुलांपासून दूर राहणं, ताट-वाटी वेगळी ठेवणं बरोबरच. म्हणजे मामीची युक्ती चुकीची नव्हती, पेशंट चुकीचा होता.

मामीला हे सगळं मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल बाई." शेवटी पाचव्या आठवड्यात मी कॉलेज बुडवून तिला बरोबर नेलं. आबांचा शेक झाल्यावर मॅडमनी सर्व्हे मीटर आणलं, आधी बाहेर व्हरांड्यात धरलं, मग आबांच्या गळ्याला जवळजवळ टेकवलं. आकडा जेवढा व्हरांड्यात तेवढाच. मामीने स्वतःच्या हाताने मीटर धरून पुन्हा बघितलं. तिथे मी जरा जास्त शहाणपणा केला. मी म्हटलं, "मामी, आपल्या सगळ्यांच्याच अंगात पोटॅशियम-४० असतं, सत्तर किलोच्या माणसात दर सेकंदाला चार हजारांवर अणू फुटतात." मामीचा चेहरा पुन्हा पडला. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की व्हायवाला एक्स्टर्नलनेही कधी पाहिलं नसेल.

आणि कर्मचारी का पळतात? कारण आबा पस्तीस वेळा आत जातात, पण तंत्रज्ञ रोज सगळ्या पेशंटबरोबर आत-बाहेर करतो, आणि वर्षानुवर्षं करतो. आबांना त्या किरणांचा फायदा आहे, त्याला काहीच नाही. म्हणून त्याच्या खिशाला टीएलडी बॅज असतो. त्यातली चकती किरणांची ऊर्जा साठवते आणि प्रयोगशाळेत तापवली की तेवढ्या प्रमाणात प्रकाश देते. त्यावरून त्याचा हिशेब लागतो.

एक चमचा चहा

आता मात्रेकडे येऊ. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो वस्तूत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. इंजिनीअर मंडळींना ज्यूल काही नवा नाही, म्हणून एक छोटा हिशेब करू.

माणसाच्या संपूर्ण शरीराला एकदम सुमारे ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. माणूस ७० किलोचा धरला तर एकूण ऊर्जा झाली २८० ज्यूल. आता कँटीनचा एक चमचा चहा घ्या, ५ मिलिलिटर, ६० अंशांवर (आपल्या कँटीनचा तेवढा गरम असतो असं धरून चालू). पोटात जाऊन तो ३७ अंशांवर येईपर्यंत साधारण ४८० ज्यूल देतो. म्हणजे माणूस मारायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून जास्त एका चमचा चहात आहे!

हा हिशेब मी तीनदा तपासला. चूक नाही. फरक ऊर्जेच्या बेरजेत नाही, ती कुठे पडते यात आहे. चहाची उष्णता सगळ्या रेणूंमध्ये थोडी थोडी वाटली जाते. गॅमा किरण मात्र आपली ऊर्जा मोजक्या इलेक्ट्रॉन्सना देतो, ते सुसाट सुटतात आणि वाटेतले अणू फोडत जातात. त्यात पेशीच्या केंद्रातला डीएनएचा धागा तुटला की पेशीला पुढे विभाजन करता येत नाही. कापसाच्या पोत्यावर बुक्की मारणं आणि त्याच ताकदीने सुई खुपसणं यात जेवढा फरक, तेवढा हा फरक.

आबांच्या गळ्याला रोज २ ग्रे, पस्तीस दिवसांचे ७० ग्रे. वरच्या हिशेबाने हे वाचून छातीत धस्स होतं. पण ते सगळ्या शरीराला नाहीत, गळ्याच्या ठरवलेल्या भागालाच आहेत. शिवाय एकदम नाहीत. निरोगी पेशी दोन शेकांच्या मधल्या वेळात आपले तुटलेले धागे बऱ्याच अंशी सांधून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून पस्तीस हप्ते. तरीही काहीच त्रास होत नाही असं कुणी म्हणू नये. आबांचा गळा आतून सोलवटला, बाहेरून काळा पडला, लाळ आटली आणि चव पूर्ण गेली. ज्यांनी आयुष्यभर पेरूची फोड तोंडात टाकून तो कुठल्या झाडाचा ते सांगितलं, त्यांना पेरू आणि पुठ्ठा सारखाच लागायला लागला.

याच आकड्यांच्या शोधात मला कांदा सापडला. दौलताबाद स्टेशनवरून मनमाडकडे निघालं आणि मनमाडला नाशिककडची गाडी पकडली की लासलगाव येतं. कांद्याची बाजारपेठ म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये एक विकिरण केंद्र उभारलं, 'कृषक', म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. तिथेही कोबाल्ट-६० च. कांद्याला मोड येऊ नये म्हणून दिली जाणारी मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे. म्हणजे आबांच्या गळ्याला आणि लासलगावच्या कांद्याला मात्रा जवळपास सारखी! तत्त्वही तेच. कांद्याच्या पोटात जो कोंब झोपलेला असतो, त्याच्या पेशींना विभाजन करता येत नाही, म्हणून मोड येत नाही. काढणीनंतर कांदा सुकवून थोड्याच आठवड्यांत, कोंब जागा व्हायच्या आत हे करावं लागतं. आणि वर लिहिलेल्या कारणानेच कांदा किरणोत्सारी होत नाही. मात्र यानं कांदा सडायचा थांबतो असं नाही, सडणं जिवाणू-बुरशीमुळे होतं. त्यासाठी पुढे थंड साठवण लागते, आणि तिला पैसे पडतात. म्हणून आपल्याकडचा बहुतेक कांदा अजून चाळीतच असतो. आंब्याचं गणित जास्त जुळलं. ४०० ग्रे मात्रेने फळातल्या किडीची पैदास थांबते. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं ते याच अटीवर, आणि ते आंबे लासलगावलाच विकिरण होऊन गेले.

मामीला कांद्याचं उदाहरण सर्वात जास्त पटलं. "म्हणजे आबांना मोड येणार नाही," ती म्हणाली. कॅन्सरच्या बाबतीत हे वाक्य किती बरोबर आहे, हे तिला माहीत नव्हतं.

किल्ल्याची वळणं

शाळेत असताना आमच्या सिस्टर दरवर्षी सहलीला दौलताबादलाच न्यायच्या. त्यामुळे किल्ला मला पाठ आहे. महाकोटाचे दरवाजे एकापुढे एक सरळ रेषेत नाहीत. प्रत्येक दरवाज्यानंतर वळण, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये. पुढे खंदक, त्यापुढे अंधारी. कातळातून गेलेला तो काळोखा, वळणावळणांचा जिना. वटवाघळांचा वास अजून नाकात आहे. गाईड हातात दिवा घेऊन पुढे गेला आणि एक वळण घेतलं की मागच्यांना काही दिसायचं नाही.

किरणांपासून बचावाचे तीन उपाय पुस्तकात दिले आहेत: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. अंतराचा नियम दिव्याच्या उजेडासारखाच, दुप्पट अंतर म्हणजे चौथाई तीव्रता. आडोशाचा नियम अर्ध्या-अर्ध्याचा. कोबाल्टचे गॅमा निम्मे करायला शिसं साधारण सव्वा सेंटिमीटर किंवा काँक्रीट सहा सेंटिमीटर लागतं. ६० सेंटिमीटर काँक्रीट म्हणजे दहा वेळा निम्मं, म्हणजे हजारातला एक. आपला बेसाल्ट काँक्रीटपेक्षा जड, त्याला पाचेक सेंटिमीटर पुरतील. त्या हिशेबाने देवगिरीच्या दोन मीटर कातळातून लाख कोटीतला एक किरण बाहेर येईल. यादवांनी हा विचार केला नव्हता, पण बांधकाम तयार आहे!

खरी गंमत वळणांची. कोबाल्टच्या खोल्यांना बहुधा सरळ दार नसतं, आत जायला वळणाची बोळ असते. गॅमा किरण वळत नाही. त्याला बोळीतून बाहेर यायचं तर भिंतीवर आपटून, विखरून यावं लागतं, आणि प्रत्येक वेळी तो ऊर्जा गमावतो. कॉम्प्टनचं सूत्र आपण फर्स्ट इयरला सबमिशनपुरतं लिहिलं होतं, ते इथे लावून बघा. सरासरी १.२५ एमईव्हीचा किरण काटकोनात वळला की उरतात ०.३६. पुन्हा काटकोनात वळला की ०.२१. दाराशी पोचेपर्यंत तो इतका दमलेला असतो की दाराला फार जाड शिसं लागत नाही. सूत्र तेच, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ते कुणीतरी बांधलेलं दिसलं.

आणखी एक गोष्ट मेकॅनिकलवाल्यांना आवडेल. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे स्रोत दर महिन्याला साधारण १.१ टक्क्याने मंदावतो. आज दोन मिनिटांत मिळणाऱ्या मात्रेला सव्वापाच वर्षांनी चार मिनिटं लागतील. फिजिसिस्ट मॅडम हे घड्याळ सतत दुरुस्त करत असतात. त्या विसरल्या तर पेशंटला रोज थोडं कमी मिळेल, आणि पेशंटला ते कधीच कळणार नाही. मशीनवर काम करणाऱ्या माणसाच्या हिशेबाच्या वहीवर एवढं अवलंबून असतं, हे मी वर्कशॉपमध्ये कधी अनुभवलं नव्हतं.

मायापुरी

वही विसरली तर काय होतं, हे दिल्लीत २०१० मध्ये दिसलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० चं एक गॅमा विकिरण यंत्र होतं, १९६८ मध्ये कॅनडातून आणलेलं. १९८५ नंतर ते कुणी वापरलं नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं, तिथल्या कामगारांनी शिशासाठी ते फोडलं आणि आतल्या चकचकीत कांड्या हाताळल्या. अनेकांना गंभीर इजा झाल्या, एक कामगार दगावला.

आता हिशेब करा. १९६८ ते २०१० म्हणजे ४२ वर्षं, जवळपास आठ अर्धायुष्यं. मूळच्या अडीचशे-तीनशे भागांपैकी एक भाग उरलेला होता, आणि तेवढाही माणूस मारायला पुरला. ही माहिती ज्यांना नव्हती ते भंगारवाले होते. ज्यांना असायला हवी होती ते विद्यापीठात होते. मला या घटनेतलं हेच सगळ्यात जास्त टोचतं. मामीनं पिवळी पाटी बघितली आणि घाबरली. तिची भीती जादा होती, पण पाटी तिने वाचली होती.

हे दिल्लीचं आहे, आपला काय संबंध, असं म्हणू नका. इथून तासा-दीड तासावर जालना आहे, तिथल्या स्टीलच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळया होतात. भंगारात एखादा असा स्रोत आला आणि भट्टीत गेला तर दिवा फुटून राख सगळ्या पोलादात मिसळते. हे झालेलं आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला, आणि ते पोलाद भारतातून गेलेलं होतं. वेल्डिंगची तपासणी करणारे आपले सीनियर्स इरिडियम-१९२ वापरतात, तेही याच जातीचं. प्लेसमेंटला ज्या कंपन्यांची नावं आपण घोकतो, त्यांतल्या कितीतरींच्या आवारात एखादी पिवळी पाटी असेलच.

शिकायचं कुठे?

हा विषय फक्त फिजिक्सवाल्यांचा, हा माझा समज होता. तो आधी मोडला. डॉ. अनिल काकोडकर मेकॅनिकलचे, मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९६३ साली बाहेर पडलेले. कागलजवळच्या कसबा सांगावचे शिवराम भोजे पुण्याच्या सीओईपीचे, तेही मेकॅनिकलचे. त्यांनी कल्पाक्कमला फास्ट ब्रीडर अणुभट्टीवर आयुष्य घालवलं आणि तिथल्या केंद्राचे संचालक झाले. ट्रॉम्बेची 'ध्रुव' अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या इंधनाच्या जुड्या पाण्याच्या प्रवाहात थरथरत होत्या आणि घासल्या जात होत्या. पूर्ण १०० मेगावॅट क्षमता गाठायला १९८८ उजाडलं. व्हायब्रेशन्स! ज्या पेपरला आपल्या निम्म्या वर्गाला केटी आहे, तोच.

भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे. बी.ई. झाल्यावर गेटच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात, आणि मुलाखत चांगली कडक असते म्हणे. निवड झाली की एक वर्षाचं शिक्षण, स्टायपेंडसकट, आणि त्यानंतर नोकरी. मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, सगळ्यांना जागा असते. २००५ पासून होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अणुऊर्जा विभागाचं स्वतःचं अभिमत विद्यापीठ झालं आहे, त्यामुळे पुढे एम.टेक., पीएच.डी. तिथेच करता येते. दवाखान्यातल्या मॅडमसारखं काम करायचं असेल तर रस्ता वेगळा: एम.एस्सी. फिजिक्स आणि त्यानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. तो आपल्याला, म्हणजे बी.ई.वाल्यांना, थेट बंद आहे. धाकटी भावंडं बारावीत असतील त्यांना सांगून ठेवा.

आणि फार लांब बघायचीही गरज नाही. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून गॅमा किरण निरनिराळ्या पदार्थांत, अगदी अमिनो आम्लांत, किती शोषले जातात यावर शोधनिबंध निघालेले आहेत, ०.१२२ पासून १.३३० एमईव्हीपर्यंतच्या किरणांवर. वरच्या टोकाचा १.३३० म्हणजे आबांच्याच कोबाल्टचा. पद्धत ऐकायला सोपी आहे. एका बाजूला स्रोत, दुसऱ्या बाजूला डिटेक्टर, मध्ये नमुना. नमुन्याशिवाय किती किरण पोचले ते मोजायचं, मग नमुना ठेवून मोजायचं. अवघड आहे ते थांबणं. किरण ठरल्या वेळेला येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे येतात. शंभर मोजले तर दहा इकडे-तिकडे, म्हणजे दहा टक्के चूक. दहा हजार मोजले तर शंभर इकडे-तिकडे, एक टक्का. चूक दहापट कमी करायची तर शंभरपट थांबा. आपण लॅबमध्ये तीन रीडिंग घेऊन चौथं 'काढतो', त्या सवयीचं इथे काही चालत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईला सांगितलं की मला फायनल इयरला गेट देऊन ट्रॉम्बेचा प्रयत्न करायचा आहे. आई फोनवर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मुलीच्या जातीनं तिथं कशाला? उद्या लग्न, मुलंबाळं..." ही भीती मामीच्या ताटापेक्षा खोल आहे, आणि मीटर टेकवून जाणारी नाही. मी तिला आकडे दिले. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य जनतेला १. बाई गरोदर असल्याचं कळवल्यावर पोटातल्या बाळालाही उरलेल्या काळात १ च. आणि निसर्गातून, म्हणजे माती, आकाश, हवा आणि अन्न यांतून, जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिळतच असतात. आईने सगळं ऐकलं. "तू 'बहुतेक' म्हणाली नाहीस यावेळी," एवढंच बोलली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फॉर्म सुटेपर्यंत वेळ आहे.

आबांचा शेक संपून आता आठ महिने झाले. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, तोपर्यंत कुणी काही ठाम सांगत नाही. ते स्टीलचं ताट पुन्हा मांडणीवर गेलं आहे, कधी गेलं ते कुणाला आठवत नाही. मागच्या रविवारी गेले तेव्हा मामाचा मुलगा आबांच्या मांडीवर बसून पेरू खात होता. त्याने आपली अर्धी चावलेली फोड आबांच्या तोंडात कोंबली. मामी दारातून बघत होती, काही बोलली नाही. आबांनी फोड बराच वेळ तोंडात घोळवली, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मीठ जास्त लावलंय रे."